प्रस्तावना : हौशी रॉकेट-प्रक्षेपणातील सुरक्षानियम आणि सहभागींची जबाबदारी

शासकीय अवकाशसंस्था, लष्कर किंवा व्यापारी कंपनी यांच्यासाठी नव्हे, तर शिक्षण, स्पर्धा, प्रयोग किंवा निर्भेळ आनंद यांसाठी व्यक्तींनी आणि मंडळांनी रॉकेट बांधून ते उडवण्याच्या उद्योगाला हौशी रॉकेटविद्या असे म्हणतात. या उद्योगाचा आवाका मोठा आहे : त्याच्या एका टोकाला शाळकरी मुलांनी पुठ्ठ्याच्या नळीतून घडवलेले, मुठीत मावणारे रॉकेट आहे, तर दुसऱ्या टोकाला १७ मे २००४ रोजी अमेरिकेतील नेवाडा राज्याच्या ब्लॅक रॉक वाळवंटातून एका नागरी गटाने सोडलेले आणि शंभर किलोमीटरची अवकाशसीमा ओलांडून गेलेले रॉकेट आहे. ही दोन्ही रॉकेटे आकाराने आणि सामर्थ्याने कितीही भिन्न असली, तरी त्यांच्यात एक साम्य आहे. घनइंधनाची मोटर एकदा पेटली की ती विझवता येत नाही, रॉकेटला थांबवता येत नाही आणि बहुतेक हौशी रॉकेटांना सुकाणू नसल्यामुळे त्याची दिशाही बदलता येत नाही. सुरक्षेसाठी माणसाला जे काही करता येण्याजोगे असते, ते सारे मोटर पेटण्यापूर्वीच करावे लागते; आणि म्हणून हौशी रॉकेट-प्रक्षेपणाचे नियम ‘सर्व काही नीट होईल’ या अपेक्षेवर नव्हे, तर ‘हे रॉकेट कोणत्याही टप्प्यावर बिघडू शकते’ या गृहीतावर रचलेले आहेत. हे गृहीत ध्यानात घेतले, म्हणजे वरकरणी जाचक वाटणाऱ्या प्रत्येक नियमामागचे कारण उलगडू लागते.

हे गृहीत कुणा एका विचारवंताला सुचलेले नाही. ते मोठी किंमत मोजून हाती आले आहे. जर्मनीत रॉकेटचे स्वप्न लोकप्रिय करणारा माक्स वालियर १७ मे १९३० रोजी बर्लिनमध्ये द्रवइंधनाच्या इंजिनाची चाचणी घेत असताना स्फोटात मरण पावला. घनइंधनावर काम करणारा राइनहोल्ड टिलिंग ऑक्टोबर १९३३ मध्ये आपल्या कार्यशाळेतील स्फोटामुळे दोन साहाय्यकांसह प्राणाला मुकला. कॅलिफोर्नियात फ्रँक मलिना, जॅक पार्सन्स आणि त्यांचे सहकारी यांनी ३१ ऑक्टोबर १९३६ रोजी पॅसाडीनाजवळच्या कोरड्या नदीपात्रात केलेल्या चाचणीत ऑक्सिजनची नळी पेटून सैरावैरा हलू लागली आणि सर्वांना जीव घेऊन पळावे लागले. पुढे याच गटाच्या कामातून जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरी ही विख्यात संस्था उभी राहिली, परंतु स्फोटक द्रव्यांचा जाणकार म्हणून नावाजलेला पार्सन्स १९५२ साली घरातल्याच प्रयोगशाळेत झालेल्या स्फोटात दगावला. या सर्वांना आपल्या विषयाचे ज्ञान होते. या अपघातांतून दिसते ते हे, की रॉकेटच्या बाबतीत ज्ञान आणि धाडस एकत्र आले तरी ते सुरक्षिततेची हमी देत नाहीत. त्यासाठी ज्ञानाला ठरलेल्या कार्यपद्धतीची आणि पुरेशा अंतराची जोड लागते.

४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत संघाने स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह सोडला आणि अमेरिकेतील हजारो किशोरवयीन मुलांना रॉकेटने झपाटून टाकले. बाजारात तयार आणि सुरक्षित साधने जवळजवळ नव्हतीच, त्यामुळे ही मुले लोखंडी नळ्यांत जस्ताची भुकटी आणि गंधक, काडेपेटीच्या काड्यांचे गुल किंवा हाती लागेल ते ज्वालाग्राही मिश्रण ठासून भरू लागली. अशी नळी फुटली की तिचे धारदार तुकडे गोळ्यांसारखे उडतात. मिश्रण भरताना घर्षणाची किंवा स्थिर विजेची एक ठिणगीही पुरेशी होते. कित्येक मुलांची बोटे गेली, डोळे गेले, काही जिवाला मुकली. यावर दोन प्रतिक्रिया उमटल्या. हा सारा प्रकार बंद करावा, असे एका पक्षाचे म्हणणे होते. दुसऱ्या पक्षाचा विचार असा, की बंदी घातल्याने मुलांचे कुतूहल नाहीसे होणार नाही, ते फक्त तळघरात आणि परसात लपेल. म्हणून त्या कुतूहलाला सुरक्षित वाट काढून देणे हेच शहाणपणाचे आहे. आज जिला मॉडेल रॉकेटविद्या म्हणतात, ती या दुसऱ्या विचारातून वाढली.

या वाटेचे श्रेय प्रामुख्याने दोन माणसांकडे जाते. नेब्रास्का राज्यातील नॉरफोक या गावी पादत्राणांचे दुकान चालवणाऱ्या आणि शोभेच्या दारूकामाची उत्तम जाण असलेल्या ऑर्व्हिल कार्लाइलने आपल्या भावासह १९५४ च्या सुमारास हलक्या कागदी रॉकेटचा आणि त्यात बसणाऱ्या, वापरून टाकून देण्याच्या छोट्या मोटरचा आराखडा सिद्ध केला होता. दुसरा माणूस म्हणजे न्यू मेक्सिकोतील व्हाइट सँड्स या लष्करी चाचणीक्षेत्रावर सुरक्षेचे काम पाहणारा अभियंता जी. हॅरी स्टाइन. रॉकेटांच्या चाचण्या शिस्तीने केल्यास त्या किती सुरक्षित असतात, हे सांगणारा स्टाइनचा लेख १९५७ च्या आरंभी एका लोकप्रिय मासिकात आला, तो वाचून कार्लाइलने आपली रॉकेटे त्याच्याकडे पाठवली आणि लष्करी चाचणीक्षेत्रावरची शिस्त मुलांच्या मैदानावर उतरवता येईल, हे स्टाइनच्या लक्षात आले. त्याच वर्षी पुढे नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेची स्थापना झाली. १९५८ मध्ये व्हर्नन एस्टीस याने अशा मोटरी वेगाने आणि एकसारख्या बनवणारे यंत्र तयार केले, आणि त्यानंतर मुलाने स्वतः दारू कुटण्याचे कारणच उरले नाही.

या व्यवस्थेचा गाभा म्हणजे श्रमविभागणी. रॉकेटचा सर्वांत धोकादायक भाग म्हणजे त्याची मोटर. तो कारखान्यात, नियंत्रित परिस्थितीत, नमुन्यांची चाचणी घेऊन बनवला जातो, आणि उड्डाण करणारी व्यक्ती रॉकेटची रचना, बांधणी, स्थिरता आणि पुनर्प्राप्ती, म्हणजे ते सुखरूप खाली आणणे, एवढ्यावर आपली बुद्धी खर्च करते. रॉकेटचा सांगाडा कागद, लाकूड किंवा सहज तुटणारे प्लॅस्टिक यांचाच असावा, धातूचा नसावा, हा नियमही त्याच विचाराचा भाग आहे : मोटर फुटलीच तर उडणारे तुकडे पुठ्ठ्याचे असावेत, पोलादाचे नसावेत. स्फोट होणारच नाही असे हा नियम म्हणत नाही. झाला तर कमीत कमी इजा व्हावी, एवढे तो पाहतो.

मोटरींचे वर्गीकरण समजून घेतल्याशिवाय पुढचे नियम नीट कळणार नाहीत. मोटर सरासरी किती जोराने आणि किती वेळ ढकलते, यांच्या गुणाकाराला एकूण आवेग म्हणतात आणि तो न्यूटन-सेकंद या एककात मोजतात. ‘ए’ वर्गाच्या मोटरीचा आवेग जास्तीत जास्त २.५ न्यूटन-सेकंद असतो आणि पुढच्या प्रत्येक अक्षराला ही मर्यादा दुप्पट होते : ‘बी’ची ५, ‘सी’ची १०, ‘जी’ची १६०, आणि याच क्रमाने ‘ओ’ची ४०,९६०. मोटरीवर ‘सी६-५’ असे छापलेले असेल, तर ती ‘सी’ वर्गाची आहे, तिचा सरासरी रेटा ६ न्यूटन आहे आणि इंधन संपल्यानंतर ५ सेकंदांनी पॅराशूट बाहेर फेकणारा छोटा स्फोट होईल, असा त्याचा अर्थ. दुपटीच्या या शिडीत एक धोका दडलेला आहे. एका अक्षराने पुढे जाणे नवशिक्याला किरकोळ वाटते, पण ‘ए’पासून ‘ओ’पर्यंत चौदा पायऱ्यांत आवेग सोळा हजारांहून अधिक पट वाढतो, म्हणून नियमांतील अंतरे, मैदानाचा आकार आणि माणसाची पात्रता ही तिन्ही अक्षरागणिक बदलत जातात.

प्रत्यक्ष प्रक्षेपणाचा पहिला नियम असा, की मोटर दुरून, विजेच्या साहाय्यानेच पेटवावी. दिवाळीत बाटलीत उभ्या केलेल्या बाणाच्या वातीला काडी लावून मागे पळण्याची जी रीत घरोघरी परिचित आहे, तिच्यात पेटवणारा माणूस सर्वांत धोक्याच्या क्षणी सर्वांत जवळ असतो; विजेच्या प्रज्वलकामुळे, म्हणजे प्रवाह वाहताच तापून इंधन पेटवणाऱ्या बारीक तारेमुळे, तो नेमक्या त्याच क्षणी दूर राहू शकतो. ‘डी’ वर्गापर्यंत हे अंतर किमान १५ फूट आणि त्याहून मोठ्या मॉडेल मोटरींसाठी किमान ३० फूट ठरवलेले आहे. नियंत्रकाच्या मंडलात एक सुरक्षा-किल्ली असते, ती काढलेली असताना कळ दाबली तरी प्रवाह वाहत नाही. आणि कळही अशी, की बोट उचलताच ती आपोआप बंद स्थितीत जाते. कळ दाबूनही रॉकेट उडाले नाही, तर किल्ली काढून घ्यावी किंवा बॅटरी तोडावी आणि पूर्ण साठ सेकंद थांबल्याशिवाय कुणीही जवळ जाऊ नये. मोटरीच्या आत इंधन धुमसत असण्याची शक्यता असते, आणि ‘आता काही होत नाही’ असा अधीर निष्कर्ष काढून वाकून पाहणाऱ्याचा चेहरा त्या वेळी थेट रॉकेटच्या वर असतो. साठ सेकंदांचा हा नियम कदाचित सर्वांत सोपा आहे, आणि लोक पाहत असताना, पुढचा गडी खोळंबलेला असताना, तो पाळणे तितकेच अवघड आहे.

दुसरा महत्त्वाचा विषय स्थिरतेचा. रॉकेटचे वजन ज्या बिंदूत एकवटले आहे असे मानता येते तो गुरुत्वमध्य, आणि हवेचा दाब ज्या बिंदूतून कार्य करतो तो दाबमध्य. गुरुत्वमध्य दाबमध्याच्या पुढे, साधारणपणे निदान नळीच्या एका व्यासाइतका, असला पाहिजे. तसे नसेल तर रॉकेट हवेत कोलांट्या घेते आणि त्याची दिशा कुणालाही सांगता येत नाही. स्थिर रॉकेटलासुद्धा आरंभीच्या क्षणी आधाराची गरज असते, कारण शेपटीचे पंख वेग आल्यावरच काम करू लागतात. म्हणून ते उभ्या दांडीवर किंवा रुळावर चढवतात आणि पुरेसा वेग येईपर्यंत तिने त्याला सरळ धरावे, अशी योजना करतात. ही दांडी मॉडेल रॉकेटसाठी लंबरेषेपासून ३० अंशांपेक्षा अधिक कलती नसावी. वारा ताशी २० मैलांहून, म्हणजे सुमारे ३२ किलोमीटरहून, अधिक असताना उड्डाण करू नये, या नियमाचे कारणही इथेच आहे : स्थिर रॉकेट वाऱ्याच्या दिशेला तोंड वळवते, त्यामुळे जोराच्या वाऱ्यात ते उंच जाण्याऐवजी आडवे धावू लागते आणि नंतर त्याचे पॅराशूट त्याला उलट दिशेने दूरवर वाहून नेते. नव्या, न उडवलेल्या रॉकेटच्या स्थिरतेविषयी शंका असल्यास आधी ती तपासावी आणि प्रेक्षकांना सावध करून, त्यांना दूर हलवूनच ते उडवावे, असे नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्रीची सुरक्षासंहिता सांगते.

तिसरा विषय परतीचा. वर गेलेले रॉकेट खाली येणारच, आणि पॅराशूट न उघडता नाकावर आदळणारे रॉकेट चढताना असते त्याहून अधिक घातक ठरू शकते, कारण इंधन जळून गेलेले असले तरी लोकांचे लक्ष ढळलेले असते. म्हणूनच पॅराशूट किंवा तत्सम साधन असणे, ते पेटू नये म्हणून ज्वालारोधक कागद घालणे, आणि मैदान पुरेसे मोठे असणे ही अट आहे : ‘सी’ मोटरीसाठी मैदानाची लहानातली लहान बाजू ४०० फूट, तर ‘जी’साठी १,००० फूट. विजेच्या तारांत अडकलेले रॉकेट काढण्याचा प्रयत्न कुणीही, कोणत्याही कारणाने करू नये. रॉकेट पुन्हा बांधता येते. मुलाचा जीव परत आणता येत नाही. या वाक्यात भावनेचा अंश दिसला तरी तो नियमाचाच अर्थ आहे.

‘एच’ वर्गापासून पुढे उच्च-शक्ती रॉकेटविद्या सुरू होते आणि तेथे साधनांच्या चाचणीबरोबर माणसाचीही परीक्षा होते. नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री आणि ट्रिपोली रॉकेट्री असोसिएशन या दोन अमेरिकी संस्था तीन पातळ्यांची प्रमाणपत्रे देतात : पहिली ‘एच’ आणि ‘आय’साठी, दुसरी ‘जे’ ते ‘एल’साठी आणि तिसरी ‘एम’पासून पुढे. प्रत्येक पातळीवर उमेदवाराने स्वतः बांधलेले रॉकेट साक्षीदारांसमोर उडवून ते पुन्हा वापरता येईल अशा स्थितीत परत आणावे लागते. दुसऱ्या पातळीला लेखी परीक्षाही असते. प्रज्वलक रॉकेट प्रक्षेपणस्थानी किंवा त्यासाठी नेमलेल्या जागी पोचल्यावरच मोटरीत घालायचा, रॉकेटचे वजन मोटरीच्या सरासरी रेट्याच्या एक तृतीयांशापेक्षा अधिक ठेवायचे नाही, आणि ‘एम’ वर्गाचे रॉकेट सुटताना सर्वांनी किमान ५०० फूट दूर राहायचे, हे त्यांचे काही नियम. परीक्षेचा खरा हेतू उमेदवाराचे कौशल्य मोजणे एवढाच नाही. ‘आज हे उडवू नये’ असे स्वतःलाच सांगण्याची सवय त्याला लागली आहे का, याची ती पारख असते.

या स्वयंशिस्तीभोवती कायद्याचे कुंपण आहे. अमेरिकेच्या हवाई वाहतूक प्रशासनाच्या नियमांनुसार १२५ ग्रॅमपर्यंत इंधन आणि १,५०० ग्रॅमपर्यंत वजन असलेली, धातूचे लक्षणीय भाग नसलेली रॉकेटे पहिल्या वर्गात मोडतात आणि त्यांना विशेष परवानगी लागत नाही. त्यांवरील, ४०,९६० न्यूटन-सेकंदांपर्यंतची रॉकेटे दुसऱ्या वर्गात येतात. ही रॉकेटे ढगांत शिरता कामा नयेत, सूर्यास्तानंतर उडवू नयेत, आणि उपक्रमाशी संबंध नसलेल्या माणसांपासून किंवा मालमत्तेपासून १,५०० फूट किंवा अपेक्षित उंचीच्या एक चतुर्थांश, यांपैकी जे अधिक असेल तेवढे अंतर राखावे, असा दंडक आहे. कायदा आणि हौशी मंडळे यांच्यात संघर्षही झाला. अमोनियम परक्लोरेट आणि रबरासारखे बंधकद्रव्य यांपासून बनणाऱ्या संमिश्र इंधनाला सरकारी विभागाने स्फोटकांच्या यादीत ठेवले होते. वर उल्लेखिलेल्या दोन संस्थांनी २००० साली त्याविरुद्ध न्यायालयात दाद मागितली आणि २००९ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला, कारण हे इंधन स्फोटकाच्या व्याख्येत बसण्याइतक्या वेगाने जळते, हे तो विभाग समाधानकारकपणे दाखवू शकला नाही. नियमांचा आदर करणाऱ्यांनीच नियमाला पुरावा मागितला आणि तो लढा न्यायालयात, सनदशीर मार्गाने लढवला, ही या प्रकरणाची लक्षात ठेवण्याजोगी बाजू आहे.

येथवर पाहिलेले सर्व नियम कागदावर परिपूर्ण असले, तरी मैदानावर ते माणसांमार्फतच जगतात. संघटित प्रक्षेपणात दोन पदे कळीची असतात. सुरक्षा अधिकारी प्रत्येक रॉकेट हातात घेऊन पंख घट्ट आहेत का, मोटर नीट अडकवली आहे का, गुरुत्वमध्य कुठे आहे, पॅराशूट कसे उघडणार, हे तपासतो आणि त्याला नकाराचा पूर्ण अधिकार असतो. प्रक्षेपण-नियंत्रक आकाश आणि मैदान मोकळे असल्याची खात्री करून मोठ्याने उलटी गणती करतो आणि मगच कळ दाबतो. परंतु या तपासणीमुळे उड्डाणकर्त्याची जबाबदारी अधिकाऱ्याकडे जाते, असा समज करून घेणे ही मोठी चूक ठरेल. अधिकाऱ्याला रॉकेटचा बाह्य भाग दिसतो. आतला कोणता सांधा घाईत चिकटवला, कोणती दोरी जुनी आहे, हे बांधणाऱ्यालाच ठाऊक असते. तो गप्प राहिला तर तपासणी निरर्थक होते.

प्रेक्षकही या जबाबदारीबाहेर नाही. उलटी गणती सुरू झाली की बोलणे थांबवून उभे राहावे, रॉकेट दिसत असेपर्यंत त्याच्यावरून नजर हटवू नये, ते अनपेक्षित दिशेने येऊ लागले तर मोठ्याने इशारा देऊन बोटाने दाखवावे, पडणारे रॉकेट झेलायला धावू नये, आणि लहान मुलांना दोरीच्या अलीकडे आपल्या हाताशी ठेवावे, ही त्याची कर्तव्ये आहेत. पाहायला आलेला माणूस निष्क्रिय असतो, ही कल्पना या मैदानावर टिकत नाही. शेकडो डोळे आकाशाकडे लागलेले असणे हीच तेथील शेवटची सुरक्षाव्यवस्था असते. आणि उड्डाण रद्द करणाऱ्याची, शंका विचारणाऱ्याची किंवा रॉकेट परत नेणाऱ्याची जेथे हेटाळणी होते, तेथे संहितेची कितीही उजळणी झाली तरी ती व्यवस्था कोलमडते. म्हणून सुरक्षितता ही अखेरीस मंडळाच्या वागणुकीची गोष्ट आहे.

भारतात स्फोटके अधिनियम, १८८४ आणि त्याखालील २००८ चे नियम यांच्या चौकटीत ज्वलनशील मिश्रणे येतात, आणि त्यांची अंमलबजावणी करणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय नागपूरला आहे. महाराष्ट्रातील अभियांत्रिकी महाविद्यालयांत रॉकेट बांधण्याची हौस आता रुजू लागली आहे. तिला अमेरिकी संहितेची तत्त्वे उपयोगी पडतील, परंतु ती जशीच्या तशी उचलून चालणार नाही. रिकाम्या वाळवंटाची सोय इथे नाही. दाट वस्ती, शेतात काम करणारी माणसे, माळावर चरणारी जनावरे आणि कापणीनंतर ते पहिल्या पावसापर्यंत वाळलेले गवत यांचा विचार करून जागा, ऋतू आणि आग विझवण्याची सोय ठरवावी लागेल, आणि संबंधित यंत्रणांची परवानगी ही औपचारिकता न मानता आखणीची पहिली पायरी मानावी लागेल. घरी इंधन बनवण्याच्या मोहाला अभ्यासाचे नाव देऊ नये, हे तर पालकांनी आणि शिक्षकांनी निःसंदिग्धपणे सांगायला हवे.

पुढील प्रकरणांत मोटर, स्थिरता, प्रज्वलन, पुनर्प्राप्ती, मैदानाची आखणी आणि अधिकाऱ्यांची कामे यांचे नियम क्रमाने दिले आहेत, आणि प्रत्येक नियमाबरोबर तो कोणत्या बिघाडासाठी आहे हेही सांगितले आहे. कारण ठाऊक असलेला नियम अनोळखी प्रसंगातही योग्य रीतीने लावता येतो. केवळ पाठ केलेला नियम पहिल्याच घाईत सुटतो. वाचकाने प्रत्येक प्रकरण वाचताना, आपल्या रॉकेटचा हा भाग बिघडला तर कोण कुठे उभे असेल, हा प्रश्न स्वतःला विचारावा, आणि त्याचे समाधानकारक उत्तर मिळाल्यावरच रॉकेट मैदानावर न्यावे.